एदलाबादेचे एक दशक

पहिले महायुद्ध संपल्यापासून १९२९ च्या आर्थिक कोसळणीपर्यंतच्या दहा-अकरा वर्षांना पाश्चात्त्य लेखकांनी एक लाडके नाव देऊन ठेवले आहे : जाझ-युग. या नावासरशी एक ठराविक चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. मानेवर कापलेले आखूड केस, गुडघ्यापाशी संपणारा झगा, बोटांत सिगारेट, दाराशी मोटार, कोपऱ्यात फोनोग्राफ, आणि वडीलधाऱ्यांच्या कपाळावरील आठ्यांची यत्किंचितही पर्वा न करता पहाटेपर्यंत चाललेले नृत्य. अशा तरुणीला तिकडे 'फ्लॅपर' म्हणत. अमेरिकेत १९२० साली घटनादुरुस्ती होऊन स्त्रियांना मताधिकार मिळाला. इंग्लंडात १९२८ साली एकवीस वर्षांच्या स्त्रीला पुरुषाच्या बरोबरीने मत देण्याचा हक्क आला, तेव्हा विरोधकांनी त्या कायद्याची 'फ्लॅपरांचे मत' अशी टवाळी केली. टवाळी विरून गेली, कायदा मात्र टिकला.

आपल्याकडे या युगाची चर्चा निघाली की मुंबईचे नाव घेतले जाते. परंतु कालगणना नीट पाहिली तर मोठी गंमत आढळते. लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकाचा संच ताजमहाल हॉटेलात आला तो १९३५ साली. आणि त्याच्यासारख्यांच्या सहवासात आमच्या गोमंतकीय वादकांनी ते संगीत आत्मसात केले ते त्यानंतर. चर्चच्या शाळेत स्वरलेखन शिकून मुंबईस आलेल्या त्या गोवेकरांची कथा कोकणी वाचकांस नव्याने सांगावयास नको. म्हणजे जाझ-युग संपले आणि मग आमच्याकडे जाझ आले! तेव्हा त्या दशकाचा आपल्या देशातील शोध नृत्यगृहांत घेण्यात फारसा अर्थ नाही. तो कोठे घ्यावा, याचा विचार करीत असता आम्ही मुद्दामच असा मुलूख निवडला की जेथे नृत्यगृह नव्हते, वीज नव्हती, आणि दशकाच्या आरंभी जिल्ह्याच्या पूर्वभागातून आगगाडीही जात नव्हती. तो मुलूख म्हणजे निजामी राज्याचा उत्तरेकडील आदिलाबाद जिल्हा. आमच्याकडील जुनी माणसे त्याला एदलाबाद म्हणत.

प्रथम नकाशा पाहिला पाहिजे, कारण आजचा जिल्हा तो त्या वेळचा जिल्हा नव्हे. उत्तरेस पैनगंगा, ईशान्येस वर्धा, पूर्वेस प्राणहिता आणि दक्षिणेस गोदावरी अशा चार नद्यांनी बांधलेला हा प्रदेश. आज चंद्रपुराकडे असलेला राजुरा तालुका आणि नांदेडकडे असलेला किनवट तालुका त्या काळी आदिलाबादेत होते. उलट ज्या बासरच्या सरस्वतीला आपण आदिलाबादची देवता म्हणून ओळखत आलो, ते बासर मुधोळ तालुक्यात आणि मुधोळ तालुका नांदेड जिल्ह्यात होता. ही अदलाबदल १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने झाली. पुढे २०१६ साली तेलंगण सरकारने उरलेल्या जिल्ह्याचेही चार तुकडे केले आणि बासर निर्मळ जिल्ह्यात गेले. देवी जागच्या जागी. तिचा जिल्हा मात्र शंभर वर्षांत दोनदा बदलला.

त्या दशकात जिल्ह्याचे ठाणे आसिफाबादेस होते. दक्षिणेत तेलुगू, उत्तरेत व पश्चिमेत मराठी, मधल्या डोंगरात गोंडी व कोलामी, आणि कचेरीत उर्दू, अशी भाषांची वाटणी होती. कचेरीतील साल फसली असे. इसवी सनाचे १९२१ ते दप्तरात १३३० किंवा १३३१. महिन्यांची नावे इराणी : आजूर, दै, बहमन. बाजारातील नाणे हाली. शंभर कलदार रुपयांस सुमारे ११६ ते ११७ हाली रुपये मोजावे लागत. पैनगंगेपलीकडचा यवतमाळ जिल्हा वऱ्हाडात, आणि वऱ्हाड तर कागदोपत्री निजामाचेच. १८५३ साली इंग्रजांच्या हवाली केलेले आणि १९०२ साली कायमच्या पट्ट्याने दिलेले. परंतु नदी उतरून पलीकडे गेलेल्या कापसाच्या गाडीवानास सनदा-तहनामे ठाऊक नसत. त्याला एवढेच कळे की इकडचा रुपया तिकडे कमी भरतो, इकडचा महिना तिकडे वेगळा असतो आणि इकडच्या शिपायाची भाषा तिकडे चालत नाही.

अशा मुलखात नवे युग आले ते लोखंडी रुळांवरून. मनमाड-सिकंदराबाद मार्ग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तयार झाला होता. गोदावरी ओलांडताना तो बासरवरून जाई, त्यामुळे व्यासमहर्षींनी वाळूची मूर्ती करून स्थापिलेली म्हणून ज्या सरस्वतीची कथा सांगतात, तिच्या चरणी पाटी-पेन्सिल ठेवून मुलाचा अक्षराभ्यास करविणे दूरच्या यात्रेकरूलाही साध्य झाले. परंतु जिल्ह्याचा पूर्वभाग खऱ्या अर्थाने उघडला तो काझीपेठ-बल्लारशाह मार्गाने. १९२९ साली हा दुवा जोडला गेला आणि मद्रासहून दिल्लीस जाणारी सरळ वाट तयार झाली. मंचेरियाल, बेल्लमपल्ली, आसिफाबाद रोड, सिरपूर, विरूर ही स्थानके त्या वाटेवर आली, आणि बल्लारशाहच्या अलीकडे पुलावरून गाडी वर्धा ओलांडू लागली.

त्याच वर्षी या मार्गाने ग्रँड ट्रंक एक्स्प्रेस सुरू झाली, आणि ती कोठून कोठे जात होती हे ऐकून आजच्या वाचकास नवल वाटेल : पेशावरहून मंगळूरला! सुमारे १०४ तासांचा तो प्रवास होता. पुढे तिची दोन्ही टोके बदलली आणि ती दिल्ली-मद्रास अशी स्थिर झाली. परंतु त्या आरंभीच्या काळात मंगळूरचा कोकणी प्रवासी खिडकीतून आसिफाबादचे सागवान पाहत वायव्य सरहद्दीपर्यंत जाऊ शकत होता. खिडकीतून पाहणाऱ्याला ते रान निर्जन वाटले असेल. ते निर्जन नव्हते, हेच या लेखात पुढे सांगावयाचे आहे.

रेल्वेच्या मागोमाग कोळशाच्या खाणी आल्या, लाकडाचे ठेकेदार आले, सरकी काढण्याचे कारखाने आले, रॉकेलचे डबे आणि गिरणीचे कापड आले. १९३२ साली निजामाच्या रेल्वेने सत्तावीस मोटारी घेऊन राज्यात प्रवासी वाहतूक सुरू केली. ध्वनिमुद्रिका तर कधीच आल्या होत्या. कलकत्त्यास त्यांचा कारखाना १९०८ पासून चालू होता. ज्या तबकडीवर न्यूयॉर्कास सॅक्सोफोन वाजे, त्याच जातीच्या तबकडीवर आमच्याकडे बालगंधर्वांचे पद वाजे. यंत्र तेच, त्याच्याकडून प्रत्येकाने आपापले गाणे म्हणवून घेतले. चित्रपटाच्या बाबतीत मात्र हैदराबादने एक हाताशी आलेली संधी घालविली. धीरेन गांगुली या बंगाली कलावंताने १९२२ च्या सुमारास तेथे लोटस फिल्म कंपनी काढली, आणि चित्रपट तयारही केले. परंतु 'रझिया बेगम' हे मुसलमान राणी व हिंदू प्रियकर यांचे कथानक त्याने १९२४ साली दाखविले, आणि निजामाच्या हुकमाने त्याला राज्य सोडावे लागले. जाझ-युगाची हवा दरबाराला किती मानवत होती, हे यावरून ध्यानात यावे.

आता स्त्रियांकडे वळू, कारण त्या युगाचा झगडा मुख्यत्वे त्यांच्याच देहावर झाला. पाश्चात्त्य तरुणीने केस कापले तेव्हा तिच्या वडिलांना धर्म बुडाल्यासारखे वाटले, आणि तिला स्वातंत्र्य मिळाल्यासारखे वाटले. त्याच वर्षांत आपल्या ब्राह्मणी घरांतूनही स्त्रियांचे केस कापले जात होते. फरक इतकाच, की येथे ते न्हावी कापी, विधवेच्या इच्छेविरुद्ध कापी, आणि घरातील वडील मंडळी ते धर्म राखण्यासाठी कापवीत. एकाच कात्रीचे हे दोन उपयोग एकाच दशकातले आहेत. हैदराबादच्या मराठी ब्राह्मणांत, तसेच कारवार-मंगळुराकडील आमच्या ज्ञातिबांधवांत, केशवपनाविरुद्धची चळवळ तेव्हा जुनी झाली होती. पण चळवळ जुनी होणे आणि चाल मोडणे या वेगळ्या गोष्टी आहेत. लाल आलवणातली आजी ज्या घरात पाहिली नाही असे घर त्या पिढीत विरळा.

तरी बदल होत होता. मंगळुरात १९०३ साली जन्मलेल्या कमलादेवींना कोवळ्या वयात वैधव्य आले. त्या शिकल्या, आणि त्यांनी हैदराबादच्या चट्टोपाध्याय घराण्यातील हरींद्रनाथांशी, म्हणजे सरोजिनी नायडूंच्या धाकट्या भावाशी, पुनर्विवाह केला. १९२६ साली त्या मद्रास विधिमंडळाच्या निवडणुकीस उभ्या राहिल्या आणि थोडक्या मतांनी हरल्या. मद्रास व मुंबई इलाख्यांत स्त्रियांना मताधिकार १९२१ मध्येच मिळाला होता, म्हणजे इंग्लंडच्या 'फ्लॅपरां'च्या सात वर्षे आधी. मात्र मालमत्तेच्या अटीमुळे तो मूठभरांपुरता होता. निजामी राज्यातील सामान्य प्रजेस मताचा प्रश्नच नव्हता. तेथे या बाबतीत स्त्री-पुरुषांत पूर्ण समता होती, कारण दोघांनाही मत नव्हते.

हैदराबादेतील सुधारकांचे केंद्र म्हणजे विवेकवर्धिनी. केशवराव कोरटकर, वामन नाईक, पंडित सातवळेकर यांच्यासारख्यांच्या प्रयत्नांनी १९०७ साली उभी राहिलेली ही संस्था मराठी माणसाचा अभिमानविषय होती आणि आहे. येथेच नोव्हेंबर १९२१ मध्ये निजाम राज्याची सामाजिक सुधारणा परिषद भरली. अध्यक्षस्थानी महर्षी धोंडो केशव कर्वे. ज्यांनी स्वतः विधवेशी विवाह केला, हिंगण्याचा आश्रम काढला आणि १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापिले, त्यांच्याहून योग्य अध्यक्ष कोण मिळणार? भाषणे इंग्रजीत, उर्दूत, मराठीत झाली. मग आलमपल्ली वेंकटरामराव नावाचे वकील तेलुगूत बोलावयास उभे राहिले, आणि सभागृहातील मराठी मंडळींनी गलका व थट्टा करून त्यांना बोलू दिले नाही.

हा प्रसंग मराठी लेखक सहसा आटोपता घेतात. आम्हाला तो आटोपता घ्यावासा वाटत नाही. विधवेच्या केसांविषयी, बालविवाहाविषयी, अस्पृश्यतेविषयी ज्यांची मने द्रवत होती, त्याच मनांना शेजाऱ्याची भाषा पाच मिनिटे ऐकवेना. राज्यात तेलुगू भाषकांची संख्या मराठी भाषकांहून कितीतरी अधिक होती. उर्दूच्या दडपणाखाली दोन्ही भाषा सारख्याच भरडल्या जात होत्या. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यम उर्दू, न्यायालयाचे कामकाज उर्दू, शाळेत उर्दू. दुखणे एकच असताना मराठी समाजाने दुसऱ्या रोग्याला दाराबाहेर काढले. त्याच रात्री अपमानित तेलुगू मंडळी एकत्र जमली आणि आंध्र जनसंघाचा जन्म झाला. माडपाटी हनुमंतराव व बूर्गुल रामकृष्णराव त्या मंडळींत होते. त्यातून ग्रंथालयांची चळवळ वाढली, आणि पुढे आंध्र महासभा उभी राहिली. आदिलाबादसारख्या दुभाषी जिल्ह्यात, जेथे एकाच आठवडी बाजारात तेलुगू कोष्टी आणि मराठी कुणबी शेजारी बसत, तेथे या फुटीची किंमत दोघांनीही मोजली. १९५६ साली रेषा ओढताना 'हे गाव कोणाचे' या प्रश्नाने जी कटुता उत्पन्न केली, तिचे एक बीज विवेकवर्धिनीच्या त्या सभागृहात पडले होते, असे आमचे मत आहे.

पुढील वर्षांत सभा भरविणेही दुरापास्त झाले. १९२९ साली निघालेल्या त्रेपन्न क्रमांकाच्या गश्तीने सार्वजनिक सभेस पूर्वपरवानगी आवश्यक केली. गश्ती म्हणजे सरकारी परिपत्रक. पण निजामी राज्यात परिपत्रकाची धार कायद्याहून कमी नसे. मौज अशी, की याच राज्याने १९२१ साली न्यायखाते महसूल-प्रशासनापासून वेगळे केले होते, जे ब्रिटिश हिंदुस्थानास कित्येक वर्षे जमले नाही. वकिली पेशातील माणसाला या गोष्टीचे कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही. न्यायाधीश स्वतंत्र, आणि चार माणसांनी एकत्र बसून बोलावयाचे तर परवाना! अशा काळात देवळाचा सभामंडप, कीर्तन आणि उत्सव यांना जे महत्त्व आले, ते केवळ भक्तीमुळे नव्हे.

याच वर्षी नदीपलीकडे एक कायदा झाला, तो आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत बोलका आहे. अजमेरचे हरबिलास सारडा यांच्या विधेयकावरून झालेला १९२९ चा एकोणिसावा कायदा, बालविवाह प्रतिबंधक कायदा, ज्याला सर्वजण शारदा ॲक्ट म्हणू लागले. मुलीचे वय चौदा, मुलाचे अठरा. अंमल १ एप्रिल १९३० पासून. कायदा मंजूर होणे आणि लागू होणे यांच्या मधल्या सहा महिन्यांत देशभर बालविवाहांची एकच झुंबड उडाली. पाळण्यातल्या मुलींनाही मुंडावळ्या बांधल्या गेल्या. कायद्याचे कलम वाचले तर त्याचा दुबळेपणा लगेच दिसतो. झालेले लग्न रद्द होत नव्हते. शिक्षा फार तर एक महिन्याची साधी कैद व हजार रुपये दंड. पोलिसांनी आपण होऊन काही करावयाचे नाही. कोणीतरी वर्षाच्या आत फिर्याद गुदरावी, आणि फिर्यादीने शंभर रुपयांपर्यंतचा जामीन-मुचलका लिहून द्यावा. गावात राहून आपल्याच भाऊबंदाविरुद्ध, पदरचे शंभर रुपये अडकवून, कोण फिर्याद करणार?

आणि एवढाही कायदा वर्धेच्या अलीकडे लागू नव्हता. तो ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. चांदा जिल्ह्यात गुन्हा ठरणारे लग्न नदी उतरून राजुऱ्यात लावले, तर मूळच्या कायद्यान्वये त्याला गुन्हा म्हणणे कठीण होते. देशी संस्थानांच्या हद्दींचा असा आडोसा ठिकठिकाणी घेतला जात होता; म्हणूनच १९३८ साली दुरुस्ती करून हा कायदा ब्रिटिश प्रजाजनांना ते हिंदुस्थानात कोठेही असले तरी लागू करण्यात आला. नव्या लोखंडी पुलावरून पाच-दहा मिनिटांत ओलांडता येणाऱ्या पाण्याच्या एका पट्ट्याने अकरा वर्षांची मुलगी एका तीरावर बालक ठरे आणि दुसऱ्या तीरावर नवरी. आगगाडीने अंतर कमी केले होते. ही दरी तिच्याने भरून निघाली नाही.

परंतु त्याच जिल्ह्यात, त्या दोन्ही तीरांच्या डोंगराळ भागात, एक समाज असा होता की ज्याला शारदा ॲक्टची गरजच भासली नसती. राजगोंडांत मुलीचे लग्न ती वयात आल्यावर होई. विधवेचा पुनर्विवाह ही त्यांच्यात चळवळ नसून रीत होती. नवऱ्याशी पटले नाही तर स्त्री त्याला सोडून दुसरे घर करू शके, आणि त्याबद्दल पंचांपुढे देण्याघेण्याचा हिशेब होई. हुंडा मुलीच्या बापाने द्यावयाचा नसून नवऱ्याकडून वधूमूल्य यावयाचे. चार देव, पाच देव, सहा देव, सात देव अशा कुलसमूहांच्या कडक नियमांत हा सारा व्यवहार बसविलेला होता, तेव्हा त्याला स्वैराचार म्हणण्याचे कारण नाही. तसेच त्याचे अवास्तव गोडवेही गाऊ नयेत. मुलीला तिच्या मर्जीविरुद्ध पळवून नेऊन लग्न लावण्याचे प्रकारही त्या समाजात घडत. पण ज्या हक्कांसाठी लंडन-पुण्याच्या स्त्रिया भांडत होत्या, त्यांतील काही केसलापूरच्या वाटेवर सहज दिसले असते. पौष अमावास्येला केसलापूरला नागोबाची यात्रा भरते. मेश्राम कुळातील माणसे पायी जाऊन गोदावरीचे पाणी आणतात, आणि कुळात नव्याने आलेल्या सुनांची देवाशी भेट करविली जाते. त्या सुना कडेवर घेऊन आणाव्या लागत नसत, चालत येत.

आणखी एक गोष्ट मराठी वाचकाने विशेष ध्यानात ठेवावी. गोंडांचे पुराण गोंड स्वतः गात नाहीत. त्यांचे परंपरागत भाट परधान ते गातात. तीन तारांची किकरी वाजवून पांडवांसारख्या वीरांच्या कथा रात्ररात्र सांगणाऱ्या या परधानांची घरातील भाषा मराठी आहे, असे या समाजाचा वर्षानुवर्षे अभ्यास करणाऱ्या फ्युरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन पंडिताने नमूद केले आहे. यजमान गोंडी, भाट मराठी, आणि कथा दोघांची! विवेकवर्धिनीतील विद्वानांना जे साधले नाही, ते या निरक्षर भाटांनी पिढ्यान्‌पिढ्या साधले होते. दिवाळीच्या सुमारास मोरपिसांचे भव्य मुकुट घालून गुसाडी नाचतात, ढोल घुमतात, गावेच्या गावे दंडारीला निघतात. तेही त्या दशकाचे संगीत होते. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये १९२३ साली उघडलेल्या कॉटन क्लबात कृष्णवर्णीय वादक वाजवीत आणि गोरे ऐकत. कृष्णवर्णीयाला गिऱ्हाईक म्हणून आत प्रवेश नसे. कापसाच्या मळ्यात ज्यांच्या पूर्वजांची पाठ मोडली, त्यांच्या गाण्यावर कापसाच्या नावाचे दार! आमच्या आदिलाबादेतही कापूस होता, गाणे होते, आणि दारही होते. ते दार पट्ट्याचे होते.

वकिलाला पट्टा हा शब्द रोजचा. जमीन कोणाच्या नावावर आहे याचा तो सरकारी दाखला. गोंड शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसत होता. एक रान दमले की दुसरे घेई, काही वर्षांनी पहिल्याकडे परत येई. त्याच्या दृष्टीने सारी दरी त्याच्या कुळाची आणि कुळदैवताची. सरकारच्या दृष्टीने त्याची लागवड बहुतेक 'शिवाय-जमाबंदी', म्हणजे सारा भरला तरी मालकी न देणारी. महायुद्धानंतर कापसाला भाव आला, रेल्वेने बाजार जवळ आणला, आणि काळ्या जमिनीची किंमत सर्वांना कळली. फक्त तिच्यावर राहणाऱ्याला तिचा कागद कळला नाही. कागद उर्दूत. अर्ज उर्दूत. नकाशावर शिक्का आसिफाबादचा. पैनगंगेकडून मराठी कुणबी आले, दक्षिणेकडून तेलुगू शेतकरी आले, त्यांच्या पाठोपाठ सावकार व व्यापारी आले. ही माणसे दुष्ट होती असे म्हणण्याचा आमचा हेतू नाही. त्यांतील पुष्कळ जण स्वतः कर्जाने किंवा दुष्काळाने हुसकलेले होते, आणि त्यांनी मेहनतीने शेती पिकविली. पण त्यांना कचेरीची पायरी ठाऊक होती. त्यांनी पट्टा करून घेतला, आणि गोंड आपल्याच शेतात सालगडी झाला किंवा डोंगरात वर सरकला.

वर सरकला तर तेथे जंगलखाते उभे. राखीव रानाच्या सीमा आखताना गावेच्या गावे आत सापडली. गुरे चारणे, लाकूड तोडणे, रान जाळून पेरणे हे सारे गुन्हे झाले. म्हणजे ज्या दशकाला जगाने मोकळिकीचे दशक म्हटले, त्याच दशकात आदिलाबादच्या डोंगरात प्रथमच कुंपणे पडली. याचा स्फोट व्हावयास काही वर्षे लागली. १९४० साली जोडेघाटच्या डोंगरावर कुमरम भीम आणि त्याचे साथीदार निजामी पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. त्यानंतर सरकारने हायमेनडॉर्फ यांना चौकशीस पाठविले, हजारो कुटुंबांना पट्टे दिले, आणि १९४३ साली मारलावाई येथे गोंड मुलांसाठी शिक्षकांचे केंद्र उघडले. तेथील पहिली गोंडी पुस्तके नागरी लिपीत छापली होती. पुढे या कामात आपले सेतुमाधवराव पगडी आले. शिवकालाचे इतिहासकार म्हणून आपण त्यांना जाणतो. पण आदिलाबादेत अधिकारी असताना ते गोंडी व कोलामी बोलावयास शिकले, आणि त्या समाजावर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले. १९२१ च्या सभेचे प्रायश्चित्त असे कोणी त्याला म्हणणार नाही, परंतु एका मराठी माणसाने शेजाऱ्याची भाषा कान देऊन ऐकली, ही नोंद त्या सभेच्या नोंदीशेजारी असावी.

नद्यांच्या जागी आता राज्यांच्या सीमा आल्या आहेत. १९५६ साली राजुरा, किनवट आणि बोथ तालुक्यातील इस्लापूरचा भाग मुंबई राज्यात गेला, आणि एकाच कुळातील गोंड दोन राज्यांचे नागरिक झाले. जिवती तालुका आणि केरामेरी मंडळ यांच्या सरहद्दीवरील चौदा गावांवर तर दोन्ही राज्यांनी हक्क सांगितला. वर्षानुवर्षे तेथील लोकांची नावे दोन्हीकडच्या मतदारयाद्यांत राहिली. ज्यांच्या आजोबांना एकही मत नव्हते, त्यांना दोन मिळाली.

जमिनीच्या बाबतीत मात्र दोन राज्यांचे माप सारखे झाले नाही. आदिलाबादच्या अनुसूचित क्षेत्रास १९५९ चा आंध्रचा जमीन-हस्तांतर विनियम १९६३ मध्ये लागू झाला, आणि १९७० च्या दुरुस्तीने असे गृहीत धरले की बिगर-आदिवासीच्या हाती असलेली तेथील जमीन मुळात आदिवासीचीच. तसे नसल्यास कब्जेदाराने सिद्ध करावे. राजुरा-किनवटात महाराष्ट्राचे १९७४ चे कायदे आले. त्यांत आदिवासीस जमीन परत देण्याची तरतूद आहे. पण ती १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात झालेल्या हस्तांतरांपुरती. रेल्वेच्या आणि कापसाच्या त्या दशकात विरूरच्या किंवा माणिकगडच्या रानात ज्याच्या नावाचा पट्टा झाला नाही, त्याच्या नातवाला या मुदतीच्या आत दाखविण्यासारखा एकही दस्त नव्हता.